क्रिकेट आवडणारा माणूस

बाबा, मी आता लंडनजवळ पिनरला राहतो, आईबरोबर. रविवारी सकाळी तेरा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो आणि बाकीचे दिवस एका स्पोर्ट्स सेंटरमध्ये काम करतो. तुम्ही न्यू जर्सीला असताना दर रविवारी जेवणाच्या टेबलावर माझ्याकडून मराठीचं एक पान लिहून घ्यायचात, त्या जोरावर हे लिहितो आहे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, त्यानंतर कुठल्याच भाषेत पानभर लिहायची वेळ आली नाही, म्हणून शंका आली की शब्दकोश उघडून बघतो. हे तिसरं पान आहे. पहिली दोन फाडली, कारण दोन्हींत मी स्वतःला फार लवकर माफ करून टाकलं होतं. मागच्या रविवारी मैदानावर एक माणूस भेटला. तो जे बोलला ते मला तुम्हाला सांगायचं आहे. पण ते आधी सांगितलं तर बाकीचं सांगायचं धैर्य होणार नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

तुम्ही कोल्हापूरचे. तुमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली, एका फायनलमध्ये मोडलेली आणि नीट न जुळलेली. मी लहान असताना ती करंगळी धरून रस्ता ओलांडायचो, कारण ती धरायला सोयीची होती. तुम्ही सांगायचात की मॅचच्या दिवशी अख्खी पेठ रिकामी व्हायची, ज्याचा मुलगा खेळतो आहे तो बाप घरी बसला तर लोक तब्येतीची चौकशी करायला यायचे. मी न्यू जर्सीत जन्मलो, सहाव्या वर्षी बॉलला लाथ मारली, आणि तुम्ही मैदानाच्या कडेला, टचलाइनवर उभे राहिलात. तिथे बाकीचे बाप घडीच्या खुर्च्या टाकून कॉफी पीत बसायचे आणि गोल झाला की ‘गुड जॉब’ म्हणायचे. तुम्ही उभे. एरवी घरात, ऑफिसच्या फोनवर, किती मोजून बोलायचात तुम्ही. पण रेफ्रीची शिट्टी झाली की तुमची भाषा थेट पेठेत जायची. “आरं फिर की! मागं बघ, मागं! मार लेका, मार!”

तुमचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टीत कुठे चूक राहिली आहे ते शोधायचं. फुटबॉलही तुम्ही तसाच शिकवलात. मी नऊ वर्षांचा असताना घरामागच्या गवतावर तुम्ही हातमोजे न घालता गोलमध्ये उभे राहिलात आणि म्हणालात, “माझ्या हातांकडं बघू नकोस, पायांकडं बघ. कीपर उडी मारायच्या आधी एक पाय जड करतो. जो पाय जड झाला, त्याच बाजूला मार. तिकडं त्याला उडता येत नाही.” मी मारायचो, तुम्ही पडायचात, चष्मा गवतात. आई खिडकीतून ओरडायची, “अहो, चाळिशी आली, आता पुरे!” माझ्या सगळ्या कारकिर्दीत मला कुणी याहून उपयोगी गोष्ट शिकवली नाही. आणि मी तिचं श्रेय चार वेगवेगळ्या कोचना दिलं. ते पुढे येईल.

मी चौदा वर्षांचा असताना एका स्पर्धेत इंग्लंडहून आलेला एक कोच तुमच्याशी बोलला. तो एवढंच म्हणाला की हा मुलगा आमच्याकडे राहत असता तर मी उद्याच घेतला असता. त्याने ते सहज म्हटलं असणार. तुम्ही ते घरी आणलंत. आठ महिन्यांनी आपण साउथहॅम्प्टनला होतो. न्यू जर्सीत तुमच्या हाताखाली बारा माणसं होती. साउथहॅम्प्टनला कंटेनरच्या एका कंपनीत तुम्ही सगळ्यात खालच्या टेबलावर बसलात आणि तुमचा मॅनेजर तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता. तुम्ही म्हणायचात, “बंदर बघायला मिळतं फुकट.” त्या नोकरीचा अर्ज करायच्या आधी तुम्ही नकाशावर क्लब बघितले होते, हे घरात आपल्या तिघांनाच माहीत होतं.

आणि ते तिघांतच राहायला हवं होतं. कारण नियम असा आहे, अजूनही आहे, की अठरा वर्षांखालच्या मुलाला फुटबॉलसाठी देश बदलता येत नाही. त्याचे आईवडील स्वतःच्या कामासाठी आले असतील, आणि मुलगा नुसता त्यांच्यामागून आला असेल, तरच क्लबला त्याचं नाव नोंदवता येतं. शेजारच्या गावातल्या एका छोट्या क्लबने मला सहा आठवडे ट्रायलवर घेतलं होतं आणि त्यांना मी हवा होतो. तुम्हाला एक पत्र लिहून द्यायचं होतं. तुम्ही नियम छापून आणलात आणि चार वेळा वाचलात, पेन्सिलीने खुणा करत. मग लिहिलंत, आम्ही माझ्या नोकरीसाठी इथे आलो, मुलाच्या खेळाचा या निर्णयाशी संबंध नाही. सही करताना तुमचा हात थांबला. तुम्ही आईला म्हणालात, “आयुष्यात पहिल्यांदा चुकीचा रिपोर्ट सही करतोय.” आई म्हणाली, “करा हो. कोणाचं वाईट नाही होत त्यात.”

त्या सहा आठवड्यांबद्दल मी तुमच्याशी कधी बोललो नाही. तुम्ही दर ट्रायलला आलात, हातात भडंगाचा डबा. चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, कोल्हापूरहून मागवलेलं तिखट. इंग्लंडच्या त्या वाऱ्यात टोपी कानांवर ओढून तुम्ही डबा सगळ्यांपुढे धरायचात. युवा संघाच्या कोचने मूठभर घेतलं, तोंडात टाकलं, आणि लाल होऊन म्हणाला, “यात पेट्रोल घातलंय का?” सगळे हसले, तुम्हीही. मग खेळ सुरू झाला आणि तुम्ही ओरडलात. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये एकाने साबणाची वडी उचलली आणि माझ्याकडे फेकत ओरडला, “मार लेका!” त्याचा उच्चार अगदी बरोबर होता, त्यामुळे ते जास्त लागलं. तिथे मी आधीच ‘यँक’, म्हणजे अमेरिकन, होतो. चुकून सॉकर म्हणालो की सगळे टाळ्या वाजवायचे. आता मी यँकही होतो आणि लेकाही. त्यांनी छळ केला असं मी म्हणणार नाही. ते प्रत्येकाचं काहीतरी करायचे, एका मुलाला तर त्याच्या आईच्या गाडीच्या रंगावरून चिडवायचे. तो हसून सोडून द्यायचा. मला ते जमलं नाही. मी रात्री अंथरुणात पडून हिशेब करायचो की तुम्ही टचलाइनच्या नेमक्या कुठल्या भागात उभे राहिलात तर आवाज कमी येईल.

मग ती क्लबच्या ऑफिसातली मीटिंग. तुम्ही लग्नात घालायचा कोट घातला होता. समोर नोंदणीचं काम बघणाऱ्या एक बाई आणि एक वयस्कर गृहस्थ. तुमचं पत्र त्यांच्यापुढे. त्यांनी तुम्हाला नोकरीबद्दल विचारलं, तुम्ही नीट उत्तरं दिलीत, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मग बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुझे वडील तुझ्या फुटबॉलमध्ये कितपत लक्ष घालतात?” साधा प्रश्न होता. ‘कुठलाही बाप घालतो तेवढं’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, “त्यांना फुटबॉल कळत नाही. त्यांना आवडतही नाही. ते क्रिकेटवाले आहेत.” गृहस्थ हसले आणि म्हणाले, “अर्थात.” बाईंनी ते लिहून घेतलं. मी तुमच्याकडे बघितलं नाही, पण तुमचा उजवा हात टेबलावर होता तो मला दिसत होता. तुम्ही तो हळूच खाली घेतलात आणि मांडीवर ठेवलात. वाकडी करंगळी कुणी बघू नये म्हणून.

गाडीत बसून तुम्ही सीटबेल्ट लावलात. मग म्हणालात, “क्रिकेट? लेका, निदान कुस्ती तरी म्हणायचं.” मी हसलो. तुम्हीही हसलात. पुढच्या सिग्नलला म्हणालात, “बरोबर केलंस. पण आता मला मैदानावर दिसून चालणार नाही. फुटबॉल न आवडणारा माणूस दर शनिवारी टचलाइनवर बोंबलताना दिसला तर काय म्हणतील? फाइल उघडतील परत.” नियमात असं कुठेही नव्हतं, बाबा. बाप फुटबॉलप्रेमी नसावा असं कुणी म्हटलं नव्हतं. पण व्हिसावर राहणारी माणसं आपण. कागदात एका ओळीचा फरक निघाला तर काय काय होऊ शकतं याच्या गोष्टी आपल्याकडे जेवताना सांगायचे. तुम्ही घाबरलात, मला ते दिसलं, आणि मी ‘अहो बाबा, असं काही नसतं’ म्हणालो नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. मला मोकळं वाटत होतं.

त्यानंतर तुम्ही मला स्टेशनवर सोडायचात. मैदानापर्यंत नाही. सोळाव्या वर्षी क्लबने मला स्कॉलर म्हणून घेतलं, म्हणजे शाळा सुटली, आठवड्यातून एक दिवस वर्ग आणि बाकी सगळा खेळ. मला पहिल्या संघातल्या तिघांचे बूट साफ करायचं काम होतं. ते मी फार नीट करायचो, टाचेकडची शिवण जुन्या टूथब्रशने. एक सीनियर म्हणाला, “यँक, हे बूट घालायला भीती वाटते रे.” मी युवा संघासाठी पहिल्या वर्षी नऊ गोल केले, दुसऱ्या वर्षी एकोणीस. दर शनिवारी घरी आलो की तुम्ही स्वयंपाकघरात वाट बघत असायचात. “सांग.” आणि मी सांगायचो. तुम्ही मिठाचं भांडं गोलमध्ये ठेवायचात, चमचे म्हणजे त्यांचे डिफेंडर. कधी कधी मी दमलेला असायचो आणि दोन वाक्यांत आटपायचो. तेव्हा तुम्ही चमचे परत खणात ठेवायचात आणि ‘जेव तू’ म्हणायचात.

आता ऑक्टोबरातला तो वाढदिवस. मी अठरा वर्षांचा झालो. आईने शिरा केला होता. तुम्ही खारी चहात बुडवत होतात, आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, “मग आता नियमाचं कसं?” तुम्ही इतकं सहज विचारलंत की मला कळायला हवं होतं, किती दिवस तो प्रश्न तयार करून ठेवला होतात. मला उत्तर माहीत होतं. आठवडाभर आधीच कळलं होतं, माझी नोंदणी आता मोठ्यांच्या यादीत होती, ती फाइल बंद झाली होती. मी म्हणालो, “अजून आहे. व्हिसावाल्यांना एकवीसपर्यंत आहे.” असं काही नाही. मी ते तिथे, शिऱ्याचा घास तोंडात असताना बनवलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. मग म्हणालात, “बरं. एकवीस.” खारीचा तुकडा चहात पडला होता, तो चमच्याने काढत म्हणालात, “मग काय, तीनच वर्षं.” आई म्हणाली, “काय बाई नियम तरी.”

मी ते का केलं हे मी स्वतःला बऱ्याच वेळा विचारलं आहे. मला तुमचा राग नव्हता. मला पहिलं कॉन्ट्रॅक्ट मिळणार होतं, ड्रेसिंग रूममध्ये ‘मार लेका’ बंद होऊन वर्ष झालं होतं, मी आता नुसता यँक होतो आणि त्याची मला सवय झाली होती. तुम्ही डबा घेऊन परत आलात तर ते सगळं पहिल्यापासून सुरू होईल, एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी.

फेब्रुवारीत पहिल्या संघाकडून पहिली मॅच. आमच्याच मैदानावर. वीस मिनिटं उरली असताना मला आत पाठवलं, आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत डावीकडून बॉल आला. कीपर पुढे आला. मी त्याच्या पायांकडे बघितलं. डावा पाय जड झाला होता. मी त्याच बाजूला, त्याच्या डाव्या पायाला घासून मारला, आणि तो पडूच शकला नाही. तो आवाज मी कधी विसरणार नाही. मॅचनंतर तिथल्या पेपरच्या बातमीदाराने विचारलं की इतक्या लहान वयात हे डोकं कुठून आलं. मी म्हणालो, “इथले कोच.” त्याने घरच्यांबद्दल विचारलं, तर मी म्हणालो वडील क्रिकेटचे शौकीन आहेत. आता ते सवयीने येत होतं. त्याने छापलं. ‘अमेरिकन फॉरवर्ड’, खाली माझा फोटो, आणि शेवटच्या ओळीत क्रिकेटप्रेमी वडील. ती ओळ पुढे प्रत्येक क्लबच्या माहितीपत्रकात माझ्यामागून आली. तुम्ही ते कात्रण फ्रिजवर लावलंत. पाहुणे आले की दाखवायचात, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, त्याच करंगळीने. “आणि हे आम्ही. क्रिकेटप्रेमी.”

पण त्या मॅचच्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तेव्हा तुम्ही टेबलावर मिठाचं भांडं मांडूनच बसला होतात. “सांग.” मी उभ्यानेच सांगायला लागलो, कोट न काढता. तुम्ही एकदाही मध्ये बोलला नाहीत. शेवटी फक्त विचारलंत, “कुठला पाय?” मी म्हणालो, “डावा.” तुम्ही मिठाचं भांडं एका बाजूला आडवं केलंत. मीठ सांडलं. आई म्हणाली, “अहो!” तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलात आणि बराच वेळ पुसत राहिलात.

जुलैमध्ये तुम्ही ऑफिसच्या जिन्यात पडलात. हॉस्पिटलमध्ये तीन दिवस. एक डॉक्टर पुण्याच्या होत्या, त्यांनी आईला मराठीत समजावून सांगितलं, म्हणून आईला ते कळलं तरी. नंतर आठवड्याभराने आई गाडी रिकामी करत होती आणि मी मदत करत होतो. डिकीत एका सुपरमार्केटच्या रिकाम्या पिशव्या निघाल्या, एकात एक घातलेल्या, वीस-पंचवीस. आपल्या भागात ते दुकान नव्हतं. ते क्लबच्या स्टँडच्या अगदी मागे होतं, मध्ये फक्त त्याचा कार पार्क. आई म्हणाली, “दर शनिवारी जायचे ना तिकडे. तुम्हा दोघांत भांडण नको म्हणून बोलले नाही मी. नियम मोडत नव्हते हो, आत नाही गेले कधी. गाडीत बसायचे काच खाली करून. मला सांगायचे, आवाजावरून कळतं, गोल आपला की त्यांचा. मग ब्रेड घेऊन यायचे.” मी डिकी धरून उभा होतो. मी म्हणालो, “काय सांगतेस?” आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतरचं सगळं तुमच्याशिवायचं आहे, ते थोडक्यात सांगतो. आठ वर्षं खेळलो, पाच क्लब, बहुतेक खालच्या डिव्हिजनमध्ये. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला. पेपरात चार ओळी आल्या, निवृत्त अमेरिकन फॉरवर्ड. सव्विसाव्या वर्षी निवृत्त म्हटलं की आई अजून हसते. म्हणते, “तुझे बाबा असते तर पेन्शनीत असते आणि तूही.”

आता मागचा रविवार. माझ्या टीममध्ये एक बारा वर्षांचा मुलगा नवीन आला आहे, सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेलं कुटुंब. चपळ मुलगा आहे. त्याचे वडील त्याला मैदानावर पोचवून लगेच परत जातात असं मला वाटत होतं. त्या दिवशी मी गाडीतून सरावाचे प्लास्टिकचे कोन आणायला गेलो तर ते कार पार्कच्या कुंपणामागे उभे दिसले, जाळीत बोटं अडकवून. कोट दोन मापं मोठा. मला बघून जरा दचकले. “तुम्ही मराठी ना सर? आडनावावरून वाटलं.” मी हो म्हणालो आणि विचारलं, “इथे का उभे आहात? या ना आत.” ते म्हणाले, “नाही नाही. मुलगा म्हणाला, इथे पालकांना लाइनजवळ परवानगी नसते. क्लबचा रूल आहे म्हणे.”

बाबा, मी विचार न करता बोलून गेलो, “असा काही नियम नाही.”

ते एक क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मैदानाकडे बघितलं. त्यांचा मुलगा बॉल घेऊन धावत होता. ते हसले, अगदी थोडं, आणि म्हणाले, “माहितीये हो मला. त्यांच्या वेबसाइटवर वाचलं मी. आपण आयटीवाले, सगळं वाचतो.” मग जाळीवरचा हात काढून खिशात घातला. “त्याला नका सांगू मी विचारलं म्हणून. इथून दिसतं चांगलं.”

मी कोन घेऊन परत आलो. ते कोन मी चुकीच्या जागी मांडले, मुलांनी सांगितलं तेव्हा कळलं. कारण तुम्ही नियम चार वेळा वाचला होतात. पेन्सिलीने खुणा करत. अठरा हा आकडा त्याच्या पहिल्याच ओळीत होता. जो माणूस वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरत होता, त्याला माझं एकवीस एका सेकंदात कळलं असणार. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि ‘बरं’ म्हणालात. दहा वर्षं मी समजत होतो की मी तुम्हाला फसवलं. मी तुम्हाला फसवलं नव्हतं. मी तुम्हाला नको म्हणालो होतो, आणि तुम्हाला ते कळलं होतं, आणि मग तुम्ही दर शनिवारी जाऊन काच खाली करून बसलात.

आता ते, ज्यासाठी पहिली दोन पानं फाडली. डिकीपाशी आईला मी जे ‘काय सांगतेस’ म्हणालो, ते खोटं होतं. मला माहीत होतं. त्या फेब्रुवारीच्या मॅचला मी संघातल्या एका मुलाच्या गाडीतून गेलो होतो. खेळाडूंचं फाटक सुपरमार्केटच्या कार पार्कमधून होतं. आपली निळी गाडी शेवटच्या रांगेत होती आणि तुम्ही बाहेर उभे होतात, कानांवर टोपी. तुम्हाला आम्ही दिसलो. तुम्ही झटकन वळलात, डिकी उघडलीत आणि कमरेपर्यंत आत वाकलात, काहीतरी शोधत असल्यासारखे. गाडी चालवणारा मुलगा ट्रायलपासूनचा. त्याने वेग कमी केला आणि म्हणाला, “यँक, ते तुझे वडील ना? ते पेट्रोलवाल्या भाताचे?” त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्याला आनंद झाला होता, तो हॉर्न वाजवणार होता. मी म्हणालो, “नाही. दुसरं कुणीतरी असेल.” तो म्हणाला, “सेम टोपी आहे रे.” मी म्हणालो, “नाहीत ते. माझे वडील फुटबॉलला येत नाहीत.” आम्ही तुमच्या पाठीमागून चार फुटांवरून गेलो. आमच्या गाडीची काच खाली होती. तुम्ही ऐकलंत की नाही ते मला माहीत नाही. इंजिन चालू होतं आणि तुमचं डोकं डिकीत होतं. मी अनेकदा ते अंतर मनात मोजतो. मग संध्याकाळी तुम्ही मिठाचं भांडं मांडून विचारलंत, ‘सांग’, आणि मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, फाटकातून आत गेलो तिथपासून.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि आईला मी ते वाचून दाखवणार नाही. तिला अजून वाटतं की नियमच तसा होता. मी त्या पुण्याच्या मुलाशी बोलणार आहे असं ठरवलं आहे, पण काय बोलायचं ते लिहून काढलं तर दोन ओळींपुढे जात नाही, म्हणून आजच्या रविवारीही राहिलं. त्याचे वडील जाळीपाशी होते. मी हात वर केला, त्यांनीही केला.

आणखी एकच. आई दर रविवारी मला भडंगाचा डबा भरून देते, ‘मुलांना वाट’ म्हणून. तुमच्याच प्रमाणाचं तिखट. गेलं दीड वर्ष मी तो डबा एकदाही मैदानावर नेलेला नाही. मॅच संपली की गाडीत बसून, काचा वर करून, एकटाच खातो, आणि घरी येऊन सांगतो की मुलांना फार आवडलं.